यूट्यूब स्टुडिओची कमेंट-चाळणी: काय अडतं, काय सुटतं

पाककृतीच्या व्हिडिओखाली एक कमेंट: ‘खुप छान माहिती दिली ताई, धन्यवाद’. प्रोफाइलला मुलीचा फोटो, हँडलच्या (@ने सुरू होणाऱ्या ओळखनावाच्या) शेवटी चार-पाच आकडे. लिंक नाही, नंबर नाही, जाहिरात नाही. जरा खाली गेलं की हीच कमेंट, ‘खुप’मधल्या ह्रस्व उकारासकट, आठवड्यापूर्वी दुसऱ्या कुणीतरी लिहिलेली सापडते. बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याने, ती उचलून तशीच वर चिकटवलेली असते.

यूट्यूबची चाळणी हिला सहसा हात लावत नाही, कारण मजकुरात धरण्यासारखं काही नसतं. गळ असतो प्रोफाइलमध्ये. फोटोवर टिचकी मारली की चॅनलच्या पानावर ‘डेटिंग’ची लिंक निघते. कधी तिथेही काही नसतं. अशी खाती बहुधा नुसती मुरत ठेवलेली असतात. काही महिने निरुपद्रवी कमेंटी टाकत राहिलेलं खातं कालच्या खात्यापेक्षा कमी संशयास्पद दिसतं. वेळ आली की नाव आणि फोटो बदलून त्याला कामाला जुंपायचं.

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या पानावर, फुकट मिळणारी हत्यारं यासाठी पुरतात का? अर्धी पुरतात. बरीचशी हत्यारं शब्द तपासतात, आणि आजचे बॉट शब्दांत कमी, नावात, फोटोत आणि रिप्लायमध्ये जास्त असतात. पाचपैकी तीन गुण, तेही नीट लावली तर.

लावण्यातच बहुतेकांची गफलत होते. कमेंटच्या मॉडरेशनला चार पायऱ्या आहेत: काहीच नाही, बेसिक, स्ट्रिक्ट आणि सगळं रोखून धरा. सेटिंग्जमध्ये जाऊन स्ट्रिक्ट निवडलं की काम झालं असं वाटतं, पण ती डीफॉल्ट निवड फक्त यापुढे चढवायच्या व्हिडिओंना लागू होते. जुन्या व्हिडिओंसाठी कंटेंटच्या पानावर सगळे व्हिडिओ निवडून ‘एडिट’मधून कमेंटची सेटिंग एकदम बदलावी लागते. बॉट चालू राहतात ते बहुधा या जुन्याच, अजूनही चांगल्या चालणाऱ्या व्हिडिओंवर. दिवसाला पंचवीस-तीस कमेंटी येणाऱ्या चॅनलने सरळ सगळं रोखून धरलं तरी चालेल. मोठ्या चॅनलला ते झेपत नाही. तिथे स्ट्रिक्ट बरं. रोखलेल्या कमेंटी तपासणीच्या रांगेत जास्तीत जास्त ६० दिवस राहतात, तेव्हा दिवाळीनंतर पाहू म्हणून सोडून देऊ नका. स्ट्रिक्टमध्ये चांगली माणसंही अडकतात.

लिंक अडवण्याचा खटका मात्र डोळे मिटून चालू करावा. लिंक असलेली कमेंट रांगेत जाते, लाइव्ह चॅटमधली लिंक उमटतच नाही. नेहमीच्या विश्वासू प्रेक्षकांना ‘अप्रूव्ह्ड’ यादीत घातलं की त्यांच्या कमेंटी चाळणीतून जात नाहीत. शॉर्ट्सच्या कमेंटमधल्या लिंक यूट्यूबने ३१ ऑगस्ट २०२३पासून निर्जीव केल्या, त्यामुळे तिथला त्रास प्रोफाइलकडे सरकला.

आता अडवायच्या शब्दांची यादी. इंग्रजी व्हिडिओंत दाखवतात तशी यादी मराठी चॅनलला जशीच्या तशी चालत नाही. यूट्यूब त्या शब्दांशी मिळत्याजुळत्या कमेंटी रोखतं, पण आपल्या सामान्यरूपाचा भरवसा त्यावर टाकू नये. ‘गुंतवणूक’ लिहिलं तर ‘गुंतवणुकीत’, ‘गुंतवणुकीसाठी’, ‘गुंतवणुकीचा’ हेही वेगळे लिहावेत. तिथे ऊकार ह्रस्व होतो, म्हणजे संगणकाच्या दृष्टीने अक्षरच बदलतं. त्याहून खोडकर प्रकार ‘व्हॉट्सॲप’चा. त्यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये (अक्षरांच्या संगणकी क्रमांकनात) एकाच चिन्हाने लिहिता येतो, ‘अ’वर चंद्र ठेवून लिहिता येतो, मध्ये न दिसणारा जोडक घालूनही लिहिता येतो. डोळ्याला तिन्ही जवळपास सारखे, यंत्राला तीन वेगळे. शिवाय लोक व्हाट्सअप, वॉट्सॲप, व्हॉटसप असं काहीही लिहितात. ही सगळी रूपं स्वल्पविराम देत यादीत टाका आणि रोमन लिपीतलीही टाका. अर्थसाक्षरतेच्या चॅनलने मात्र नुसतं ‘गुंतवणूक’ घालू नये, नाहीतर खऱ्या प्रेक्षकांचे प्रश्नच रांगेत जाऊन बसतील. तिथे ‘टेलिग्रामवर या’ असा पूर्ण तुकडा बरा.

बॉटवाले याच्याही पुढे आहेत. नंबर किंवा ‘टेलिग्राम’ हा शब्द ते गणिती ठळक अक्षरांत लिहितात, किंवा रोमन ‘ए’च्या जागी तसाच दिसणारा रशियन लिपीतला ‘अ’ घालतात. ठळक अक्षरं युनिकोडच्या सामान्यीकरणाने साध्या अक्षरांवर आणता येतात. रशियन ‘अ’ तसा येत नाही. त्यासाठी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा वेगळा तक्ता लागतो.

दुसऱ्याचं नाव घेऊन फिरणाऱ्या बॉटांच्या बाबतीत यूट्यूबने २०२२मध्ये हातपाय हलवले. मार्केस ब्राउनलीसारख्या मोठ्या यूट्यूबरांनी त्याच वर्षी एप्रिलच्या सुमारास उघड तक्रारी केल्या होत्या. २९ जुलैपासून सबस्क्रायबरचा आकडा लपवायची सोय गेली, नावात वापरता येणारी चित्रविचित्र चिन्हं कमी झाली, ऑक्टोबरमध्ये हँडल आली. त्या वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत ११० कोटींहून जास्त स्पॅम कमेंटी काढल्याचं कंपनीनेच सांगितलं. तरी दिसणारं नाव आजही दोघांचं एकच असू शकतं. एकमेव असतं ते हँडल. त्यामुळे ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलंय’ असा रिप्लाय आला तर प्रेक्षकाने एवढंच पाहावं: चॅनलच्या खऱ्या मालकाचं नाव कमेंटमध्ये गडद पट्टीवर उमटतं. पट्टी नसेल तर तो बहुरूपी.

आता सगळ्यात चलाख नमुना. पैशांविषयीच्या इंग्रजी व्हिडिओखाली कुणीतरी भोळेपणाने विचारतं: माझ्या वॉलेटमध्ये यूएसडीटी पडून आहेत, सीड फ्रेज अशी अशी, हे बायनान्सवर कसे न्यायचे? (यूएसडीटी हे डॉलरला बांधलेलं आभासी चलन, बायनान्स हा अशा चलनांचा बाजार, सीड फ्रेज म्हणजे वॉलेट उघडणारे शब्द.) आणि खरोखरच बारा शब्द लिहिलेले असतात. वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी वेंधळा तिजोरीची किल्ली चव्हाट्यावर टाकून गेला. तो वॉलेट उघडतो, आत खरंच पैसे दिसतात. पण ते ट्रॉन नावाच्या ब्लॉकचेनच्या जाळ्यावर आहेत आणि हलवायचे तर शुल्क टीआरएक्स या तिथल्या चलनात भरावं लागतं, ते तिथे नाही. मग तो स्वतःच्या खिशातले टीआरएक्स पाठवतो आणि ते पोचताक्षणी दुसऱ्याच पत्त्यावर निघून जातात. मूळ रक्कमही हलत नाही, कारण त्या वॉलेटला आणखी एक सही लागते आणि ती या बारा शब्दांत नसते. सायबरसुरक्षा कंपनी कॅस्परस्कीने डिसेंबर २०२४मध्ये या सापळ्याची फोड करून दाखवली. हा सापळा चोरावरच लावलेला, म्हणून फसलेला सहसा तक्रारही करत नाही. चाळणीला यात दिसतो तो एक साधा प्रश्न आणि बारा निरुपद्रवी इंग्रजी शब्द. यावर उपाय स्वस्त आहे: ‘सीड फ्रेज’ रोमन लिपीत, जोडून आणि तोडून, यादीत घाला.

त्याच घराण्यातला दुसरा प्रकार म्हणजे नाटक. एक खातं म्हणतं, अमुक मॅडममुळे माझे पैसे वाढले. दुसरं विचारतं, संपर्क कसा करू? तिसरं सांगतं, गूगलवर नाव टाका. तिघंही एकाच धन्याची. लिंक कुठेच नाही. नाव शोधलं की त्यासाठीच उभी केलेली साइट वर येते. इथे वरची कमेंट काढली की खालचे रिप्लाय आपोआप जातात, पण खाती राहतात, म्हणून प्रत्येकाला ‘चॅनलवरून लपवा’ करावं. लपवलेल्याला ते कळवलं जात नाही. तो आपला लिहीत राहतो. भारतातला सल्लागार असल्याचा दावा असेल तर सेबीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक पाहता येतो. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो.

स्टुडिओ जिथे थकतो तिथे थिओजो या यूट्यूबरचं ‘वायटी स्पॅमर पर्ज’ हे सॉफ्टवेअर कामी येतं. फुकट आणि खुल्या कोडचं. ते नावं आणि मजकूर दोन्ही तपासतं, सापडलेली यादी आधी दाखवतं आणि नोंद ठेवतं, त्यामुळे चुकून काढलेलं परत आणता येतं. घेण्याआधी गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) शेवटची आवृत्ती कधीची आहे ते बघा.

जोडणी कंटाळवाणी आहे. गूगल क्लाउडमध्ये नवा प्रकल्प काढायचा, यूट्यूब डेटा एपीआय (प्रोग्रॅमला यूट्यूबशी बोलायची वाट) चालू करायचा, ओऑथचं (परवानगी देण्याच्या पद्धतीचं) संमतीपान भरायचं, ‘डेस्कटॉप’ प्रकारची ओळख काढून तिची जेसन फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवायची. संमतीपानावर स्वतःचा ईमेल ‘टेस्ट यूजर’ म्हणून घालायला विसरलं की ४०३चा नकार येतो. दुसरी खोच सात दिवसांनी कळते: प्रकल्प ‘टेस्टिंग’मध्ये असेल तर परवानगीचं टोकन आठवड्यात मरतं. मग जुनी टोकनची फाइल पुसून पुन्हा लॉगिन.

एपीआयचा कोटा, म्हणजे वापराची मर्यादा, रोजचा १०,००० एकक. एका वाचनात १०० कमेंटी येतात आणि १ एकक जातं, म्हणजे वाचणं स्वस्त. पण लांबलचक रिप्लाय त्यात पूर्ण येत नाहीत, त्यांना वेगळी फेरी लागते. कमेंट रोखणं किंवा काढणं प्रत्येक विनंतीला ५० एकक. एकेक करत बसलात तर २००वर दिवस संपला. म्हणून गठ्ठ्याने काढा.

स्वतःचा रेजेक्स (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) लिहिणाऱ्यांना एक इशारा. ‘न दिसणारी चिन्हं म्हणजे स्पॅम’ हा इंग्रजीतला लोकप्रिय नियम इथे लावू नका. जुन्या कीबोर्डावरून लिहिलेल्या ‘शेतकर्‍यांना’मधला तो अर्धा र शून्य रुंदीच्या जोडकानेच उभा राहतो. शेतीच्या चॅनलवर हा नियम लावला तर बॉट सुटतील आणि शेतकरी अडकतील.

कोटा संपला तर आपल्या मध्यरात्रीची वाट पाहू नका. तो पॅसिफिक (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या) वेळेच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला.