बोलींच्या सर्वेक्षणाची साइट: लांब पांगलेल्या मित्रांनी कॉलवर एकत्र ऐकावी अशी

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलंय आणि ते साइटवर टाकलंय, फ्री आहे, कोणीही उघडून बघू शकतं. गावोगाव जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड केलंय, आणि एखाद्या वस्तूला किंवा नात्याला कुठल्या भागात काय म्हणतात ते नकाशांवर मांडलंय. अभ्यासकांना हे माहीतच असणार, पण मला हा रिव्ह्यू लिहायचाय तो आमच्यासारख्या ग्रुप्ससाठी, ज्यातले लोक वेगवेगळ्या गावचे आहेत आणि आता भलत्याच शहरांत राहतायत.

आमचा ग्रुप झाडांचा आहे, बाल्कनीत कुंड्या लावणाऱ्यांचा. मी मुंबईची, एकजण दुबईला, एक टोरांटोला, दोघी बेंगळुरूला, असे बरेच, आणि यातल्या निम्म्यांना मी प्रत्यक्ष भेटलेलीपण नाही. चॅटवर सगळे एकसारखेच वाटतात ओ, तेच हो ना, तेच भारी, तेच अंगठे, आणि मोबाइलचा कीबोर्ड पण पुस्तकातलेच शब्द पुढे सरकवतो. कोण कुठलं ते कळायला लागलं आम्ही रविवारी कॉल लावायला लागल्यावर. कोल्हापूरची मैत्रीण "मी आत्ताच आलो बाजारातनं" असं बोलली तेव्हा नागपूरवाली दोन सेकंद गप्पच झाली, तिला माहीतच नव्हतं की तिकडे बायका पण सर्रास आलो-गेलो असंच बोलतात. आणि मग ती स्वतः "काय करून राहिली वं" सुरू झाली की कोल्हापूरवाली खूश.

पण जळगावचा जो आहे, दुबईवाला, तो आमच्याशी अगदी पुस्तकी मराठी बोलायचा. एकदा मधेच त्याला आईचा फोन आला, तो म्यूट करायला विसरला, आणि "काय करी ऱ्हायनी माय" ऐकून आम्ही सगळे एकदम, अरे हे काय, अजून बोल ना! तर तो लाजला. कॉलेजला असताना यावरून त्याला इतकं हसले होते लोक की त्याने अहिराणी फक्त घरापुरती ठेवली. मला हे ऐकून खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर मी ही साइट शोधली. कॉलवर स्क्रीन शेअर केली आणि खानदेशातलं एक रेकॉर्डिंग लावलं, आणि जो माणूस इतका वेळ गप्प असायचा तोच आम्हाला शिकवायला लागला, हे थांबव, हे आमच्याकडचं नाही, हे धुळ्याकडचं वाटतंय, आमच्याकडे हा शब्द असा नाही ओढत. आम्हाला बाकीच्यांना दोन्ही सेमच वाटत होतं. मुलाला तिकडे आंडोर म्हणतात, आमच्या मालवणीत झील, मग मुलीला काय, सुनेला काय, कॉल संपायचं नावच घेईना.

मला या साइटचं सगळ्यात जास्त काय आवडलं तर कोणाच्याच बोलण्याला चूक म्हटलेलं नाही. ब्रिटिश काळातल्या ग्रियर्सनसाहेबांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ ला आला, त्यात ठिकठिकाणांहून बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्टच स्थानिक बोलीत लिहून मागवलेली, म्हणजे सगळं कागदावर. इथे माणसाचा आवाज आहे, त्याचा हेल आहे, बोलताना तो कुठे थांबतो ते आहे. हेल लिहून नाही कळत. डोळ्याला वऱ्हाडात डोया आणि आमच्या मुंबईकडच्या आगरी-कोळी लोकांत डोला, हे वाचलं तर एका अक्षराचा फरक वाटतो, ऐकलं की त्यामागे अख्खं गाव ऐकू येतं.

मुंबईवाल्यांसाठी थोडं वेगळं सांगते. आपल्याकडे लोक बोलतात, आम्हाला कुठली बोली, आम्ही नॉर्मल मराठी बोलतो. अहो मी बोलली, तो मला बोलला, ही "म्हणणं" सोडून "बोलणं" वापरायची सवय आपलीच आहे, बाहेरच्याला ती पहिल्या वाक्यात कळते. आणि घराघरात काय काय आहे बघा. आमचे आजोबा वेंगुर्ल्याकडून परळच्या गिरणीत आले, गावकीच्या खोलीत राहिले, तिथे एका खोलीत सगळी एकाच गावची माणसं, शेजारच्या चाळीत साताऱ्याकडची. माझी आजी शेवटपर्यंत "कधी इलंस गो" असंच विचारायची आणि आम्ही पोरं उत्तर मुंबईच्या मराठीत द्यायचो. सिंधुदुर्गातलं एक रेकॉर्डिंग ऐकताना मी सहज तिची नक्कल केली तर टोरांटोवाला उडालाच, तो पण वेंगुर्ल्याचा निघाला! इतकी वर्षं आम्ही एकमेकांना मोगऱ्याला खत काय घालायचं ते सांगतोय आणि दोघांची गावं एकाच तालुक्यात. आता त्याची आई तुतारी एक्स्प्रेसने येणाऱ्या कोणाच्या तरी हातात माझ्यासाठी सोलं पाठवते, मी दादरला उतरवून घेते. त्या काकी फोनवर माझ्याशी मालवणीतच बोलतात आणि मी अडखळत का होईना, त्यांना मालवणीतच उत्तर देते.

वापरायचं कसं ते सांगते. लॅपटॉपवर उघडा कारण नकाशे आहेत, आणि हेडफोन लावा. हे संशोधनाचं काम आहे, टाइमपास व्हिडिओ नाहीत, त्यामुळे वरवर स्क्रोल केलं तर हाती काही लागणार नाही, आधी आपला जिल्हा काढा, मग मित्राचा. ग्रुपमध्ये लावणार असाल तर ज्याचा भाग आहे त्यालाच बोलू द्या, बाकीच्यांनी मधे नक्कल करून दाखवायची नाही, आमच्याकडे हा नियमच केलाय. ज्याला आधी कोणी हसलेलं असतं तो एका फालतू कमेंटने परत गप्प होतो.

माझ्याकडून पाचपैकी पाच. लहान मुलं परदेशात वाढतायत अशांनी तर नक्की बघा, टोरांटोवाल्याची मुलगी आता आजीला फोनवर "खय आसस" विचारते, आणि आजी तेच परत परत विचारायला लावते. येत्या रविवारी आमचा विदर्भाचा नंबर आहे, नागपूरवालीने आत्ताच सांगून ठेवलंय की नागपूर आणि अकोला एकत्र करायचे नाहीत, दोन वेगळे रविवार पाहिजेत.