तासाला 10 टन वाफेचा एएफबीसी बॉयलर : उन्हाळा-पावसाळा चालवल्यानंतर

इचलकरंजीतल्या आमच्या प्रोसेस हाउसमध्ये (कापड रंगवण्याच्या कारखान्यात) जाळीचा जुना बॉयलर काढून एएफबीसी बसवला, म्हणजे खालून हवा फुंकून उकळत्यासारख्या ठेवलेल्या तापल्या चुऱ्याच्या थरात (बेडमध्ये) कोळसा जाळणारा बॉयलर; त्यावर आता अख्खा उन्हाळा आणि पावसाळा गेला. रोज पॅनेलसमोर उभा असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

वाफेला नाव ठेवायला जागा नाही. जिगर आणि जेट ही रंगाईची यंत्रं एकदम सुरू झाली तरी प्रेशर पूर्वीसारखं कोसळत नाही. बेडच्या वजनात जळता कोळसा जेमतेम काही टक्के असतो. बाकी सगळा फायरब्रिकचा चुरा आणि राख, तीही 850 अंशांच्या आसपास तापलेली. उष्णतेचा हा साठाच वाफेच्या मागणीतला चढउतार (लोड) सांभाळतो.

पण साठा नुसता गरम असून भागत नाही, तो फिरला पाहिजे. हवेचे बुडबुडे वर जाताना मागोमाग चुरा ओढून नेतात आणि मधल्या जागेतून, भिंतींच्या कडेने तेवढाच चुरा खाली उतरतो. हे कण कॉइलला (बेडमधून गेलेल्या पाण्याच्या नळ्यांना) लागतात, उष्णता देतात, निवतात आणि पुन्हा बेडमध्ये मिसळून तापतात. त्यामुळे बेडमधली कॉइल दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण 250 ते 300 वॅट उष्णता घेते. पुढे नुसत्या धुरात असलेल्या नळ्यांना याच्या पासंगालाही पुरता येत नाही. कॉइलच्या आत पाणीही ड्रममधून खाली येऊन आपोआप फिरत असतं. कॉइल तिरकी ठेवतात ती त्याचसाठी.

म्हणून मी आग बघत बसत नाही, बेडमध्ये जागोजागी बसवलेल्या थर्मोकपलमधला (तापमान मोजणाऱ्या तारांमधला) फरक बघतो. सगळे एका सुरात असतील तर बेड फिरतोय. पावसाळ्यात ओल्या कोळशाने क्रशरची जाळी चोंदली आणि मोठे खडे बेडमध्ये गेले. ते तळाशी हवा सोडणाऱ्या नोझलपाशी बसले. एका कोपऱ्याचं थर्मोकपल आधी उतरलं, मग भराभर चढलं. तिथली हवा अडली होती, चुरा थांबला होता, त्यामुळे उष्णता जागच्या जागी साठली आणि क्लिंकर (राख वितळून झालेला दगडासारखा गोळा) झाला. बॉयलर थंड करून सब्बलीने फोडावा लागला. तेव्हापासून प्रत्येक शिफ्टला कोळसा चाळून बघतो : 10 मिमीच्या वरचं काही नको, आणि भुकटीही फार नको, कारण ती न जळताच धुराबरोबर निघून जाते.

कोळसा बदलला की बेडची उंचीही बदलते, हे विकणाऱ्यांनी आधी सांगायला हवं. वणीकडच्या राखाळ कोळशावर बेड चढतो, ड्रेन करावा लागतो. इंडोनेशियन कोळशात राख कमी, त्यामुळे बेड हळूहळू उतरतो, कॉइल उघडी पडते आणि वाफ घटते. मग मटेरियल टाकावं लागतं. एअर बॉक्सच्या (बेडखालच्या हवेच्या पेटीच्या) दाबावरून हे कळतं. हवेचं प्रमाण तेच ठेवलं तर बेड 300 मिमीचा असताना त्याचा वाटा साधारण 300 मिमी पाण्याच्या दाबाएवढा भरतो.

उणी बाजू विजेची. हा सगळा भार तरंगत ठेवायचा म्हणजे एफडी फॅन (खालून हवा फुंकणारा पंखा) जोरात चालणारच. लोड कमी असला की आम्ही बेडच्या एका कप्प्याची (कंपार्टमेंटची) हवा बंद करून तो बसवून ठेवतो.

दुसरी काळजी झिजेची. बुडबुडे खालून येतात, त्यामुळे कॉइलचं पोट आधी पातळ होतं. स्टड (झीज सोसायला नळीवर जोडलेले लोखंडी खुंट) लावलेली कॉइल मागितली ते बरं झालं. येत्या वार्षिक तपासणीत प्रत्येक नळीची खालच्या अंगाने जाडी मोजायची ठरवली आहे, आकडे आले की इथेच टाकतो.