लावा नदीकाठचा काटा: पारा, मूस आणि उधारीतून होणारी लूट

सुरीनाम आणि फ्रेंच गयाना यांच्या सीमेवरून लावा नदी वाहते. खाली तिलाच मारोनी म्हणतात. फ्रेंच काठावर मारिपासूला हे गाव आहे. समोरच्या सुरीनामी काठावर सोन्याच्या जिवावर फळ्या-पत्र्यांची दुकानं, खानावळी आणि डिझेलची पिंपं उभी राहिली आहेत. जंगलात खणणारे बहुतेक ब्राझीलचे गारिंपेइरो, म्हणजे छोट्या प्रमाणावर सोनं खणणारे. इथे सोनंही चलनासारखं चालतं, भाव ग्रॅममध्ये सांगतात, आणि लूट होते ती काट्यावर.

सगळ्यात जास्त लोक नागवले जातात ते पाऱ्यामुळे. खणलेल्या गाळातलं सोनं पाऱ्यात धरतात, कापडातून पिळतात आणि उरलेला गोळा तापवतात. या पिळलेल्या गोळ्यात जवळपास निम्मा पारा असतो. घाईत तापवला की बाहेरून पिवळा दिसतो, पण आत पारा राहतोच. ५ टक्के राहिला तरी १० ग्रॅममागे अर्धा ग्रॅम गेला! असा सच्छिद्र तुकडा घेऊ नका. मुशीत टाकणखार (बोरॅक्स) घालून समोर वितळवून मागा. धुराच्या जवळ मात्र उभं राहू नका, ती पाऱ्याची वाफ आहे. विटा-आटपाडीकडच्या सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांना हे वेगळं सांगायला नको.

विकणारा फसतो तो इथेच, उलट बाजूने. दुकानदार त्याचं सोनं वितळवतो, मुशीला चिकटलेले कण तसेच ठेवतो, घट मात्र 'पारा उडाला' म्हणून विकणाऱ्याच्या माथी मारतो. तापवण्याआधी वजन करा. नंतर मूस उलटी ठोकून आतून पाहा.

वितळवलेल्या तुकड्याची परीक्षा ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर होते. पेलाभर पाणी काट्यावर ठेवून शून्य करा. तुकडा बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, कडेला लागू देऊ नका. तुकड्याने जितकं पाणी सरकवलं त्याचं वजन काटा दाखवतो, म्हणून धातू जितका घन तितका आकडा लहान. १० ग्रॅमच्या तुकड्यात ९० टक्के सोनं आणि बाकी चांदी असेल तर काटा ०.५६च्या आसपास थांबतो. पितळ असेल तर १.१८च्या पुढे-मागे. न वितळवलेल्या तुकड्याला ही परीक्षा लावू नका, भोकांतली हवा आकडा बिघडवते. टंगस्टनची घनता सोन्याइतकीच, त्यामुळे तेही इथे निसटतं. पण ते सोन्यासारखं १०६४ अंशांना वितळत नाही. म्हणूनच वितळवणं टाळू देऊ नका.

मजुराला लुबाडण्याची जागा वेगळी. निघालेल्या सोन्यातले बहुधा ७० टक्के मालकाचे, ३० टक्के सगळ्या मजुरांत वाटून. गाळ ज्यावरून वाहतो त्या पन्हाळीत सोन्याचे कण अडकवायला अंथरलेले गालिचे झटकून धुतात तेव्हाच कण दिसतात. ते धुणं रात्री उरकलं तर हिस्सा कशावर काढला हे कुणालाच कळत नाही. त्यात खानावळीची उधारी ग्रॅममध्ये चढते आणि प्रत्येक नोंद वरच्या दशांशाला ढकलली जाते. ०.१२चं ०.२ झालं की दोन-तृतीयांश जास्त घेतलं. नोंद होताना आकडा वाचून घ्या आणि स्वतःच्या वहीत त्याच दिवशी उतरवा.

तक्रार करायला जागा नाही. फ्रेंच हद्दीत सोनं काढताना पारा वापरायला २००६पासून बंदी आहे, आणि २००८पासून 'हार्पी' मोहिमेत सैनिक अवैध खाणी मोडतात, डिझेल-यंत्रं जप्त करतात. ज्याचं खणणंच बेकायदा, तो वजनाचं भांडण घेऊन कुणाकडे जाणार? दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. आणि अशा वस्तीतलं 'कच्चं सोनं' बाजारभावाच्या निम्म्याने कुणी फोनवर देऊ केलं, तर आगाऊ पैसे एक रुपयाही पाठवू नका.