लाळ की स्वॅब : एकाच दिवशी दोन्ही नमुने दिल्यानंतर

अंगात ताप आणि घशात खवखव सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोरोनाच्या आरटी-पीसीआर चाचणीसाठी एकाच केंद्रावर लाळ आणि नाकात काडी घालून घेतलेला स्वॅब असे दोन्ही नमुने दिले. दोन्हींचा अहवाल पॉझिटिव्ह आला. मात्र नमुना देण्याच्या अनुभवात फार अंतर होते.

स्वॅब घेणाऱ्या ताईंचा हात बसलेला होता. त्यांनी काडी वर डोळ्याच्या दिशेने न रेटता टाळूला समांतर धरून नाकाच्या पार मागपर्यंत नेली, काही सेकंद फिरवली आणि टोक द्रावणाच्या नळीत मोडून टाकले. डोळ्यांत पाणी आले, पण अर्ध्या मिनिटात काम झाले. या पद्धतीचे बळ आणि उणीव दोन्ही त्या हातातच आहेत, कारण काडी नाकपुडीच्या तोंडाशीच फिरली तर विषाणू शरीरात असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो.

लाळ देणे सोपे वाटते, पण तापाने तोंड कोरडे पडलेले असताना नळीतल्या खुणेपर्यंत लाळ जमवायला मला दहा मिनिटे लागली. वरचा फेस मापात धरत नाहीत. खाकरून काढलेला कफ नको, तोंडात आपोआप साठलेली लाळच हवी. शिवाय आधीचा अर्धा तास खाणेपिणे, दात घासणे वर्ज्य. ही अट मला केंद्रावर पोहोचल्यावर कळली, आणि नुकताच चहा घेतलेला असल्याने ताटकळत बसावे लागले. नोंदणीच्या वेळीच हे सांगायला हवे होते.

प्रयोगशाळेची अडचण वेगळी: लाळ चिकट असते, तिच्या तारा पिपेटला (द्रव मोजून उचलायच्या नळीला) धरतात. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ‘सलायव्हाडायरेक्ट’ या लाळचाचणीने प्रथिने तोडणारे एन्झाइम आणि उष्णता वापरून आरएनए (विषाणूचे जनुकीय द्रव्य) वेगळे काढण्याची खर्चिक पायरीच गाळली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या एफडीए या अन्न व औषध नियामक संस्थेने तिला आपत्कालीन मंजुरी दिली. येलच्याच त्या वर्षीच्या अभ्यासात रुग्णालयातील रुग्णांच्या लाळेत स्वॅबपेक्षा सरासरीने अधिक विषाणू आढळले होते. पुढच्या अनेक अभ्यासांत मात्र दोन्ही साधारण तोडीस तोड, तर काहींत लाळ थोडी मागे दिसली.

ज्यांना दर आठवड्याला तपासणी करावी लागते त्यांच्यासाठी मी निःशंकपणे लाळ सुचवेन, कारण काडीच्या धास्तीने माणसे चाचणीच टाळतात आणि तेच अधिक घातक आहे. शिवाय नमुना घेणाऱ्याला रुग्णाच्या शिंकेसमोर उभे राहावे लागत नाही. तान्ही बाळे, अतिशय कोरड्या तोंडाचे वृद्ध किंवा आजाराचे बरेच दिवस उलटलेले रुग्ण यांच्यासाठी स्वॅबच बरा. आणि घरगुती अँटिजेन किट नाकाच्या नमुन्यासाठी बनवलेले असेल, तर त्यावर लाळ टाकून निघालेल्या निकालावर कृपया विसंबू नका.