बाणेरचं स्टार्टअप की हिंजवडीची मोठी कंपनी?

पगार जवळपास सारखाच, अनुभव दोन-तीन वर्षांचा आणि हातात दोन ऑफर लेटर. एक पुण्यातल्या बाणेरच्या तीस-चाळीस माणसांच्या स्टार्टअपचं, दुसरं हिंजवडीतल्या मोठ्या आयटी कंपनीचं. "तिथे मरमर काम असतं, इथे आराम," एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

तास मोजायचे तर घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंतचे मोजा. कोथरूडहून हिंजवडी फेज तीन गाठताना भूमकर चौकातच जीव मेटाकुटीला येतो. संध्याकाळी सात-आठला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल असला की मोठ्या कंपनीतला दिवसही बारा तासांवर जातो. मात्र तिथे ऑन-कॉलच्या, म्हणजे अवेळी बिघाड झाला तर फोन उचलायच्या, पाळ्या ठरलेल्या असतात, सुट्टीवर गेलात तर काम उचलायला दुसरं कुणी असतं. स्टार्टअपमध्ये रात्री सर्व्हर पडला तर बहुधा ज्याने कोड लिहिला तोच उठतो.

शिकण्यात स्टार्टअप सरळ पुढे आहे. ग्राहकाशी बोलणं, डिझाइन, डिप्लॉयमेंट, चूक झाली तर ती निस्तरणं, सगळं एका वर्षात अंगावर पडतं. मोठ्या कंपनीत एकाच मॉड्यूलमध्ये दोन वर्षं अडकलेले हुशार लोक पाहिले की मला मनापासून वाईट वाटतं. तिथली शिस्त, प्रशिक्षण आणि आईवडिलांना धरून मिळणारा विमा यांची किंमत कमी नाही, पण त्या वयातली भूक त्याने भागत नाही.

जास्त तासांच्या बदल्यात स्टार्टअप ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर आधी ठरलेल्या किमतीला विकत घेण्याचे हक्क, देऊ करतं. इथे नीट थांबा. साधारणपणे ते चार वर्षांत टप्प्याटप्प्याने तुमचे होतात आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडलंत तर काहीच मिळत नाही. नोकरी सोडल्यावर ते वापरून शेअर विकत घ्यायची मुदत अनेक ठिकाणी जेमतेम तीन महिन्यांची असते. विकत घेताना त्या दिवसाची बाजारभावाची किंमत आणि तुम्ही मोजलेली किंमत यांतल्या फरकावर कर लागतो, शेअर विकून पैसे हातात आलेले नसले तरी. ठरावीक मान्यताप्राप्त स्टार्टअपमध्येच तो पुढे ढकलता येतो. शिवाय शेअर सहज विकता येण्यासाठी वाट किती पाहायची? पुण्याचीच उदाहरणं घ्या: पर्सिस्टंट ही सॉफ्टवेअर कंपनी 1990 ला सुरू झाली, शेअर बाजारात आली 2010 ला. लहान मुलांच्या वस्तू विकणारी फर्स्टक्राय 2010 ची, बाजारात आली 2024 च्या ऑगस्टमध्ये. आणि या दोन्ही टिकलेल्या कंपन्या आहेत. म्हणून घराचा हप्ता ईसॉपच्या भरवशावर ठरवू नका.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या 2021 च्या अभ्यासात, आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तास करणाऱ्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त आढळला. नारायण मूर्तींच्या 2023 मधल्या, आठवड्याला सत्तर तास काम करण्याच्या सल्ल्यावर घरोघरी वाद झाले, तेव्हा हा आकडा फार कमी वेळा ऐकू आला. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही आठवड्याची मर्यादा 48 तासांची आहे.

तरी लाँचच्या आधीचे पंधरा दिवस जागून काढणं मला गैर वाटत नाही. त्यात मजाही असते. संस्थापक उठेपर्यंत खुर्ची सोडायची नाही, ही रीत मात्र गैर आहे. समर्पण मागून मिळत नाही. निर्णयात वाटा असला की माणूस आपणहून उशिरापर्यंत थांबतो.

अंगावर कर्ज नसेल, वय पंचविशीच्या आत-बाहेर असेल आणि मुलाखतीत संस्थापकाने कंपनीकडचे पैसे किती महिने पुरतील हे स्पष्ट सांगितलं असेल, तर स्टार्टअप घ्या. घर तुमच्या एकट्याच्या पगारावर चालत असेल किंवा आईवडिलांची औषधं चालू असतील, तर हिंजवडीच घ्या, त्यात कमीपणा नाही. दोन्हीकडे सही करण्याआधी तिथून गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या एखाद्याला गाठा आणि विचारा, शनिवारी फोन किती वेळा वाजायचा आणि नाही उचलला तर काय व्हायचं.