गड्ड्यातला बोलका तक्ता : पाढे आहेत, पावकी नाही

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, होम मैदानावर नातवानं हट्ट धरला म्हणून हा बोलका तक्ता घेतला. साडेतीनशे म्हणाला, तीनशेला दिला. बिल नाही, बदलून मिळणार नाही. तीन पेन्सिल सेल वेगळे. मागचं झाकण स्क्रूचं, आणि एवढा बारीक स्क्रू ड्रायव्हर घरात कुणाकडं असतो? घड्याळवाल्याकडून उघडून आणलं.

वर बाराखडी, खाली शंभरपर्यंत अंक आणि दहापर्यंत पाढे. आवाज स्वच्छ आहे, पण कमी-जास्त करायची सोय नाही. मुलगा-सून दोघंही कामावर, दुपारी पोरगं माझ्याकडं. माझा डोळा लागला की तक्त्यातली बाई 'शाब्बास!' म्हणून ओरडते.

पाढे ती 'दोन एके दोन' असे म्हणते. आम्ही 'बे एके बे' म्हणत आलो. तसं शिकवायला गेलो तर पोरगं हसून लोळायला लागलं, "आबा, मला काय बे म्हणताय?" सोलापुरात 'काय बे' म्हणजे 'काय रे', त्यामुळं हे व्हायचंच. पण सगळ्यात आधी पाठ झाला तो बेचाच पाढा.

खरी अडचण अंकांची. तक्ता 'त्रेसष्ट' म्हणतो आणि हा वहीत ३६ लिहितो, कारण कानावर आधी 'त्रे' पडतं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या गणितात 'साठ तीन' असं वाचन आणलं, तेव्हा मोठी नात दुसरीत होती आणि मी कट्ट्यावर बसून त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं. आता मीच हळूच 'साठ तीन' म्हणतो, बोट आधी सहावर, मग तीनवर, आणि मग 'त्रेसष्ट'. तक्त्याचं बटण दाबलं की लगेच उत्तर. पोराला डोकं खाजवायलाही सवड देत नाही.

पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, सव्वा, दीडचे पाढे, तर नाहीतच. चादरीच्या कारखान्यात मी तीस वर्षं काढली, सूत तोलताना याच कामाला यायच्या. परवा शेंगाचटणी आणायला गेलो, ३२० रुपये किलो. "पाव किलोचे किती रे?" एवढंच विचारून मी गप्प उभा. दुकानदार कॅल्क्युलेटरकडं हात नेणार, तर मी डोळ्यानंच दाबलं. पोरगं पुटपुटलं, निम्मे एकशे साठ, त्याचे निम्मे... ऐंशी! दुकानदारानं त्याच्या तळहातावर चिमूटभर चटणी ठेवली. तिखटानं डोळ्यात पाणी आलं, पण हसत होता.

मे महिन्यात उन्हानं तक्त्याच्या कडा वळल्या, सातचं बटण दोनदा दाबावं लागतं. खिडकीजवळ लावू नका.

पाचपैकी तीन तारे. घ्यायचाच असेल तर तीनशेच्या वर जाऊ नका, आणि सेल तिथंच घालून, वाजवून बघा.