दुबई की मालदीव? शिकवायला जाताय तर आधी हे बघा
दुबईत सीबीएसई शाळा म्हणजे वर्गात अर्धा भारतच, पोर्शन तोच, मार्कांवरून डोकं खाणारे पालक पण तेच, फक्त घरभाडं पगार खातं. मालदीवला सगळंच नवीन, वरच्या वर्गांना केंब्रिजचा सिलॅबस, पोरं आपसात तिथल्या दिवेही भाषेत बोलणार, सुट्टी शुक्रवार-शनिवार (दुबईत 2022 पासून शनि-रवि झालीये), आणि लांबच्या बेटावर पोस्टिंग मिळालं की भाजीसाठी पण बोटीची वाट बघत बसा. आणि हो, पूजेची मूर्ती बॅगेत टाकू नका हां, तिकडे न्यायला बंदीच आहे. दुबईत जेबेल अलीला 2022 मध्ये नवीन मंदिर झालंय, त्यामुळे सणावाराला करमतं. एकटे असाल तर मी बिनधास्त मालदीव म्हणेन, पोरंबाळं सोबत असतील तर मात्र दुबईच.